धुरा कोणी सरकवला?

जमीन सरकते, हे आमच्या जऊळक्यात शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. दोन शेतांमधला धुरा (म्हणजे बांध) दर वखरणीला दोन-चार बोटं सरकतोच, आणि नेहमी शेजाऱ्याच्याच शेतात!

वाटणीच्या वेळी मुरमाचा एक पट्टा अख्खा आमच्याकडे आला होता. आता त्यातला अर्धा धुऱ्यापलीकडे, काकांच्या तुरीत होता. (त्या मुरमात काडी उगवत नाही, पण प्रश्न काडीचा नव्हता!) बाबांनी शेतातच पंच बसवले आणि मला शेलूबाजारहून बोलावून घेतलं. तिथल्या शाळेत मी भूगोल शिकवतो.

"मास्तर झाला नं तू? मंग सिद्ध कर, दोनीकडचा मुरूम एकच व्हता म्हून!"

भूगोलाचा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून विचारला होता. मला चेव चढला. बाबांच्या शिदोरीतली भाकर काढून मी तिचे दोन तुकडे केले.

"हे आफ्रिका, हे दक्षिण अमेरिका. मधात समुद्र. पन कडा पाहा, कशा जुळतात! इकडचे खडक तिकडं निंगतात. सुसरीसारख्या एका जनावराची हाडं दोनीकडं सापडली. थे गोड्या पान्यातलं जनावर, समुद्र कसं पोहीन? म्हंजे जमीन पयले एकच व्हती. तसाच हा मुरूम!"

पंचांनी माना डोलावल्या. बाबांची छाती फुगली. काका मात्र शांतपणे आफ्रिका खात होते.

"मंग हे तुकडे दूर कोनं नेले?" त्यांनी विचारलं.

"कोनंच नाई, काका. जमीन आपोआप सरकते."

"सालाले किती?"

"बोट-दोन बोटं."

(इथे बाबांनी मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, कौतुकानंच!)

"अन् कोनाले थांबवता येते का?"

"कोनाच्या बापालेबी नाई!"

काका हात झटकत उठले. "आयकलं नं पंचहो? सख्खा पुतन्या सांगून राह्यला. म्या धुऱ्याले हातबी नाई लावला!"

पंचांनी धुरा होता तिथेच ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना बाबा एवढंच बोलले, "शिकवलं म्या, अन् वकील तू त्याचा निंगाला!"

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पूर्वेकडच्या शेजाऱ्यानं पंच बोलावले होते.

"काय झालं, बाबा?"

"काई नाई. आपला धुरा त्याच्या वावरात सरकला म्हन्ते. तू ये, अन् थे आफ्रिकेचं सांगजो!"

मी लगेच रजेचा अर्ज टाकला. वर्गात तरी माझं कोण ऐकतंय!