हवेतले फटके

नव्वदीच्या दशकात सुरतच्या आमच्या कापडगिरणीत एक रिवाज होता. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की साहेब लोकांचं गोल्फचं मैदान निवृत्त कामगारांना खुलं व्हायचं. आम्ही चौघे जुने सोबती डिंडोलीच्या आमच्या वस्तीतून जायचो, जिलेबी-गाठिये खायचो आणि दुपारपर्यंत रमतगमत काठ्या फिरवायचो. खेळ कुणालाच धड येत नव्हता.

एका वर्षी लकव्यानं माझा डावा हात कामातून गेला होता. घरी मी काहीही बरळलो तरी सगळे मान डोलवायचे. बायको पत्त्यांत मुद्दाम हरायची. त्याचा मला मनस्वी राग यायचा. एका हातानं का होईना, एक तरी खळगा स्वतः पुरा करायचा, असं ठरवूनच मी गेलो.

फटके मोजायला नेहमीप्रमाणे चौघांतलाच एक, माझ्यासारखाच खानदेशी मित्र होता. चेंडू खळग्यात जाईपर्यंत फटके जितके कमी तितकं चांगलं, आणि हवेत गेलेला फटकाही मोजायचा, असा नियम. तीस वर्षं मी मागावर आणि तो कापड तपासणीच्या टेबलावर. एक धागा तुटलेला दिसला की माझा तागा परत यायचा. त्यावरून आमची किती भांडणं झाली असतील!

माझा पहिला फटका हवेतच गेला. काठी फिरली, चेंडू जागच्या जागी. दुसराही तसाच.

"जाऊ दे भो, हाऊ मोजाना नही," तो हळूच म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "तीस वरीस तू मना एक धागा सोडा नही. आते कीव करस? मोज, नही ते मी घर चालनू."

 जिलेबीच्या पुड्याच्या कागदावर त्यानं दोन रेघा ओढल्या.

मग मी खेळत राहिलो. खांदा भरून आला, सदरा घामानं चिकटला. बाकीचे दोघे कंटाळून सावलीत जाऊन बसले. शेवटी एकदाचा चेंडू खळग्यात पडला, तेव्हा तिथूनच त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"नऊ," मी ऐटीत सांगितलं.

त्यानं कागद पाहिला. "अकरा. बाभळीमांगे दोन हवामा गयात."

बाभळीमागे कुणाचं लक्ष नाही असं समजून ते दोन मी गिळले होते. तरीही मी त्याच्याशी भांडलो, अगदी पूर्वीसारखा, घरापर्यंत. त्यानं एकही रेघ खोडली नाही. वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.