त्या आठवड्यातलं माप

लेडीज टेलरच्या दुकानात किस्सा सांगायला कुणी येत नाही. सगळ्या तक्रार घेऊन येतात. पण तक्रार तीन-चार वर्षं जुनी झाली की तिची धार जाते, तक्रार करणारीच हसत हसत ती दुसरीला सांगते, आणि मग तिचा किस्सा होतो. मंडी मोहल्ल्यात आमचं दुकान सत्तावीस वर्षं आहे. किती साठले असतील, तुम्हीच बघा!

दुकानातली वाटणी सोपी होती. पडद्याच्या आत माझी बायको इंदू माप घ्यायची, पडद्याच्या बाहेर मी कापड कापायचो. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची, विठ्ठलाची आणि सुईदोऱ्याची. आतून इंदू आकडे सांगायची, मी चिठ्ठीवर लिहायचो. आकड्यांच्या मध्ये आत जे बोलणं चालायचं ते न ऐकल्यासारखं करायचो.

इंदू जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून त्या पडद्याआड कुणी गेलेलं नाही. बायका पिशवीतून जुना ब्लाऊज पाठवतात, 'यावरून शिवा' म्हणून. हूटगळ्ळीला राहणारा माझा धाकटा भाऊ पांडुरंग म्हणतो, "अण्णा, बंद कर हे. शाळेचे युनिफॉर्म घेऊ. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. कुणाला काही विचारायला नको." त्याला दसऱ्याच्या आत हो की नाही ते सांगायचं आहे. त्याचं चुकत नाही. विचारणं मला कधी जमलंच नाही.

*

मापाच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात इंदू कधीकधी एक लहान फुली मारायची. मी विचारलं तर म्हणाली, "फुली असली की अर्धा इंच कमी कापा, आणि आत मार्जिन जास्त सोडा." का, ते सांगितलं नाही.

बी.ए.ला मला लॉजिक होतं. मी अनुमान काढलं : फुली म्हणजे कटकटीचं गिऱ्हाईक. नंतर भांडायला येणार, म्हणून मार्जिन!

हे अनुमान मी आठ वर्षं चालवलं. फुलीवाली आली की स्टूल पुसून द्यायचो, फॅन तिच्याकडे वळवायचो, समोरच्या हॉटेलातून कॉफी मागवायचो. एकाच बाईच्या एका चिठ्ठीवर फुली आणि पुढच्या चिठ्ठीवर नाही, असं झालं की ही सुधारली असं समजायचो.

एकदा इंदूनेच विचारलं, "या फुलीवाल्यांचे एवढे लाड कशाला?" मी अनुमान सांगितलं. ती टेप गळ्यात तशीच ठेवून खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, त्या बायका त्या आठवड्यात माप द्यायला आल्या होत्या!"

"कुठल्या आठवड्यात?"

"त्या."

मग तिनेच उलगडून सांगितलं. पाळी यायच्या आधी चार-सहा दिवस पुष्कळ जणींचं अंग फुगतं. छाती भरते, पोट भरतं, टेप अर्धा-पाऊण इंच जास्त दाखवते. त्या मापाने शिवलं तर पुढच्या आठवड्यात ब्लाऊज झोळीसारखा लोंबतो. मी खाली मान घालून कापड कापत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "पण एक आहे. आठ वर्षं कॉफी पाजलीत ना, ती बरोबर ज्यांना हवी होती त्यांनाच पाजलीत!"

*

वनजाक्षी नावाची आमची एक गिऱ्हाईक होती. एका ऑफिसात क्लार्क. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की ती मंडीतल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे जायची आणि पोती उचलून झाली की त्याच काट्यावर स्वतः उभी राहायची. तिथून थेट आमच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला काटा कळायचा.

महिन्यातून एकदा तिचं वजन दीड किलोने वाढलेलं असायचं. मग रडारड, आणि त्याच शुक्रवारी नवा उपाय सुरू. एकदा हुलग्याचं कढण, एकदा भात बंद, एकदा नंजनगूडच्या देवाला सोमवार बोलली. आणि गंमत अशी, की प्रत्येक उपाय लागू पडायचा! पुढच्या शुक्रवारी काटा हमखास खाली. ती पेढे घेऊन यायची, स्वतः मात्र खायची नाही.

सात-आठ महिने इंदूने बघितलं. मग एक दिवस म्हणाली, "वनजा, तुझे सगळे उपाय पाळीच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतात. पुढच्या महिन्यात काही करू नकोस. सुम्ने, नुसती राहून बघ."

वनजाक्षी महिनाभर सुम्ने राहिली. काटा चढला, आणि आपोआप उतरला. ती आली ती पेढ्यांशिवाय, आणि तणतणत.

"इंदक्का, काही न करता उतरणार होतं, तर मी सोळा सोमवार कुणासाठी केले?"

*

इंदूला हे सगळं शिकवलं ते पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी. त्याही आमच्याच गिऱ्हाईक. माप देता देता इंदूने त्यांना एकदा नीट विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "इंदक्का, ते पाणी असतं. चरबी चार दिवसांत येत नाही आणि चार दिवसांत जातही नाही. किलोभर वाढतं, एखादीचं दोन किलो. मीठ कमी करायचं, पाणी नाही. जेवण सोडायचं नाही. चालायचं, झोपायचं. आणि वजन करायचंच असेल तर पाळी होऊन गेल्यावर, महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. वाढलेलं उतरलंच नाही, किंवा पाय सुजले, तर मात्र माझ्याकडे पाठव. टेलरकडे नको!"

इंदूने ते पाठ केलं. सहा महिन्यांनी याच डॉक्टरीणबाई ब्लाऊज हातात नाचवत आल्या. संध्याकाळी कसलासा समारंभ होता आणि हूक लागत नव्हते.

"कटिंग बिघडलंय! मास्टरांचं लक्ष असतं कुठे?"

इंदू त्यांना आत घेऊन गेली. मी बाहेर खडू हातात धरून उभा. आतून इंदूचा आवाज आला, शांत, एकेक शब्द तोलून, हुबेहूब दवाखान्यातला : "डॉक्टर, ते पाणी असतं. चरबी चार दिवसांत येत नाही..."

आतली हुकांची ओढाताण थांबली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इंदक्का, ते पेशंटना सांगायचं असतं!"

*

त्या दिवसानंतर इंदूने ब्लाऊजला हुकांची एकच रांग ठेवून समोर अडकवायच्या लूपच्या दोन रांगा करायला सुरुवात केली. एक रोजची, एक त्या दिवसांची. बायकांना हे फारच आवडलं. सासवांना नाही.

टी. नरसीपूरहून एक आज्जी सुनेला घेऊन बसने आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. "दोन रांगा कशाला? आमच्या वेळी असली थेरं नव्हती. चार पोरं झाली मला, कधी कुणाला कळलं नाही कुठला दिवस आहे ते!"

इंदू म्हणाली, "आज्जी, तुमच्या वेळी चोळीला हूक कुठे होते? पुढे गाठ मारायचात. गाठ काय, अंग फुगेल तशी सैल बांधता येते."

सुनेने तोंडाला पदर लावला. परत जाताना आज्जी पायरीवरून वळल्या आणि मला, सुनेला नाही, म्हणाल्या :

"मास्टर, मग मला गाठीचीच एक शिवून द्या. साठ वर्षं हूक काचतायत."

*

पुढच्याला किस्सा म्हणावं की नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून इंदू त्या चार-पाच दिवसांत स्वयंपाकात मीठ कमी घालायची. पहिल्यांदा मी म्हणालो, "सारात मीठ नाही."

"आहे."

"नाही."

"तुमच्या जिभेला नसेल. माझ्या बोटांना विचारा, अंगठी निघत नाही."

नंतर मी कधी बोललो नाही. सार अळणी लागलं की लोणच्याची बरणी पुढे ओढायचो, आणि त्या दिवसांत दुकानात तिला उभं राहायला लागू नये म्हणून काहीतरी निमित्त काढायचो. तिला ते कळायचं. तीही बोलायची नाही.

पन्नाशी जवळ आली तेव्हा एकदा दोन महिने सार बरोबर लागलं. मग एकदा अळणी. मग पुन्हा तीन महिने बरोबर. मग बरोबरच. एके दिवशी वाढताना ती म्हणाली, "आता तक्रारीला जागा नाही तुम्हाला."

"नाही," मी म्हणालो.

या विषयावर अख्ख्या संसारात आम्हा दोघांचं, आमच्याबद्दल, एवढंच बोलणं झालं.

आता सार मी करतो. मीठ बरोबर पडतं. रोज बरोबर पडतं.

*

गेल्या आठवड्यातली गोष्ट. शेजारच्या गल्लीतल्या शारदाबाईंची चैत्रा, तिचं लग्न दोन आठवड्यांवर आलंय. इंदूनेच माप घेऊन शिवलेला तिचा जुना ब्लाऊज त्यांनी पाठवला होता. त्यावरून मी लग्नाचा शिवला; दुसरी रांग हवी का, हे विचारायला नको म्हणून लूपची एकच ठेवली. शनिवारी मायलेकी घालून बघायला आल्या. पडद्याआड चौदा महिन्यांनी कुणी गेलं. आणि हूक लागेनात.

शारदाबाई बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "मास्टर, मनाला लावून घेऊ नका. पण इंदक्का गेल्यापासून तुमचा हात बसत नाहीये."

हात बसला होता. जुना-नवा एकावर एक ठेवून मी तीनदा पडताळला होता. चैत्राचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, साखरपुड्याची अंगठी ती बोटात फिरवायला बघत होती आणि ती फिरत नव्हती. काय विचारायचं ते मला ठाऊक होतं. पण जीभ वळली नाही. मी म्हणालो, "पोरीचं वजन जरा वाढलंय."

हे बोलायला सोपं असतं. कुठल्याही मुलीला कुणीही म्हणतं.

मंगळवारी दोघी पुन्हा आल्या. चैत्राने भिंतीचा आधार घेत स्टूल गाठलं. शारदाबाई मात्र खुशीत. "मास्टर, शनिवारपासून नुसतं लिंबूपाणी! एक घास नाही घेतला पोरीने. आता बसेल बघा!"

चैत्रा आत गेली. बराच वेळ झाला. हुकांचा आवाज आला नाही. मग पडदा हलायला लागला, वारा नसताना. आत कुणी आवाज न करता रडत असलं की पडदा कसा हलतो, ते मी इतक्या वर्षांत ओळखायला शिकलोय.

मी तोंड भिंतीकडे केलं. आणि विचारलं :

"चैत्रा, पाळी कधी आहे तुझी?"

हा शब्द मी चौपन्न वर्षांत मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. किती मोठ्याने उच्चारायचा असतो याचा अंदाज नव्हता. समोरचा कुंकूवाला वळून बघायला लागला. शारदाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

आतून बारीक आवाज आला. "परवा, अंकल."

"मग ते पाणी आहे. तुझं वजन वाढलेलं नाही. चार-सहा दिवसांत उतरेल, आणि लग्नात हाच ब्लाऊज बसेल. शनिवारी मी खोटं बोललो."

पडदा थांबला. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला :

"अंकल, एवढंच विचारायचं होतं, तर मला तीन दिवस उपाशी का ठेवलंत!"

शारदाबाई आधी दचकल्या. मग हसू आवरेना म्हणून त्यांनी भिंतीला हात टेकला. मी समोरून इडल्या मागवल्या. चैत्राने चार खाल्ल्या, मिठाची म्हणून चटणी तेवढी सोडून. अजून दोन ब्लाऊज कापायचे राहिले होते, त्यांना किती मार्जिन लागेल ते आजच्या मापावरून कळलं असतं. पण ते घेणार कोण? शारदाबाईंनी खुंटीवरची टेप उचलली आणि म्हणाल्या, "सांगा मास्टर, कुठून धरायची?" मी बाहेरून सांगत गेलो. त्या आत धरत गेल्या.

"छाती साडेतेहेतीस!"

मी पेन्सिल शोधत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पांडुरंग.

"अण्णा, काय ठरलं तुझं? शाळावाले थांबलेत."

"मास्टर, लिहिताय ना?" आतून शारदाबाई ओरडल्या. "कंबर अठ्ठावीस, वर दोन सूत! आणि ही हसतेय, टेप हलतेय, परत घेऊ का?"

"अण्णा? ऐकतोयस ना?"

"नंतर बोल," मी म्हणालो. "आत माप चाललंय."