फौजदाराची बदली

सगुणाबायला राग येतो असं कुणी म्हटलं की वाडीतली माणसं हसतात. राग तिच्याकडे येत-जात नाही, तो तिथे मुक्कामालाच आहे. सकाळी अंगण झाडता झाडता ती आधी घारीवर ओरडते, मग नवऱ्यावर, मग वेळेवर न येणाऱ्या एस्टीवर, आणि कुणीच उरलं नाही की उन्हावर. म्हसळ्याहून आत, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी, आणि तिचा आवाज खालच्या पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, पोचतो. नवरा येसाजी अगदी मवाळ. तो म्हणतो, "हिचा आवाज बंद झाला तर मला जेवण जायचा न्हाय."

पण अख्ख्या वाडीत गावठी कोंबड्या टिकल्या त्या हिच्याच अंगणात. डोंगर घराला टेकलेला, त्यामुळे मुंगूस, रानमांजर, वरून घार, सगळ्यांचा डोळा खुराड्यावर. बाकीच्या बायकांनी कंटाळून कोंबड्या पाळणं सोडलं आणि म्हसळ्याच्या बाजारातून बॉयलर आणायला लागल्या. सगुणाबाय त्या पांढऱ्या कोंबडीला कोंबडी म्हणायलाच तयार नव्हती. "कापूस हाय तो," म्हणायची. तिच्या कोंबड्या टिकल्या त्या कुत्र्यामुळे, आणि कुत्रा टिकला तो तिच्या शिस्तीमुळे.

डोळे नुकते उघडलेलं पिल्लू ती आणायची आणि खुराड्याला लागून पेंढ्यात ठेवायची, अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या शेजारी. पिल्लू हुंगायला गेलं की कोंबडी त्याच्या नाकाडावर अशी चोच हाणायची की ते कोकलत मागे सरायचं. चार वेळा असं झालं की त्याला कळायचं, या घरात थोरलं कोण ते. मग त्याच्या ताटलीतला भात कोंबड्यांनी टिपला तरी त्यानं गुरगुरायचं नाही. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली की ती त्याच्या पोटाशी ऊब घ्यायची, आणि हा बापडा मान अवघडली तरी हलायचा नाही. असा तयार झालेला पहिला कुत्रा हवालदार. त्याच्यामागून जमादार. आता होता तो फौजदार, तांबूस अंगाचा, एक कान मोडलेला. वाडीतले लोक चिडवायचे, सगुणाबायच्या दारात पोलीस ठाणंच उघडलंय म्हणून. तीही फुगायची, पण वरून शिव्याच द्यायची.

तिचा एक कायदा मात्र कडक होता. कोंबडी अंगणात कापायची नाही. कुत्र्याला दिसेल अशी तर नाहीच नाही. कापायची ती पऱ्याच्या पलीकडे, आणि पिसं, आतडी तिथेच खड्डा करून पुरायची. हा कायदा तिला फार महागात शिकावा लागला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा घरी एक काळं कुत्रं होतं. सासऱ्यांनी एका पाहुण्यासाठी दारात कोंबडा कापला आणि मुंडकं कुत्र्यापुढे फेकलं. पुढच्या आठवड्यात त्या कुत्र्यानं तलंगा, अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, मारल्या. सासऱ्यांनी त्याला झोडपून झोडपून मारलं, आणि नव्या नवरीनं ते दाराआडून पाहिलं. तेव्हापासून ती सगळ्या वाडीला सांगत आली, "एकदा रक्त लागलं की कुत्रं गेलं कामातनं." एका कुत्र्यावरून तिनं सगळ्या कुत्र्यांचा कायदा केला होता, पण तेव्हा तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिची स्वतःची तर नव्हतीच.

झोडणी आटपून भात घरात आलं की त्यांच्याकडे शेताची राखण देतात. वर्षभर शेत सांभाळणाऱ्या राखणदार देवाला बांधावर कोंबडा दाखवायचा, तिथेच कापायचा, तिथेच शिजवायचा आणि पुरुषांनी तिथेच खाऊन हात धुऊन यायचं. त्यातला तुकडाही घरी आणायचा नाही. कोंबडा सगुणाबायच्याच घरचा असायचा, पिल्लू असल्यापासून राखणीच्या नावानं वेगळा काढलेला. या वर्षीचा लालभडक होता, तुरा असा की बघत राहावं.

राखणीला धाकटा दीर हरेश्वर आला. हा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात, पनवेलला फ्लॅट, बोलण्यात निम्मं हिंदी. येताना गाडीत दोन दोस्त घेऊन आला. सगुणाबाय नारळ आणि पाव आणायला म्हसळ्याला गेली होती. तेवढ्यात या तिघांच्या लक्षात आलं की बांधापर्यंत गाडी जात नाही. दोस्तांच्या पायांत पांढरे बूट. चिखल नव्हता, कापलेल्या भाताची खुंटं होती फक्त, पण बुटांची काळजी वेगळीच असते. येसाजी "अरे, बांधावर... बांधावर..." एवढंच म्हणत राहिला आणि हरेश्वरानं अंगणातल्या धुण्याच्या दगडावर कोंबडा कापला. राखणदाराला तिथूनच हात जोडले. मुंडकं फौजदारापुढे टाकलं आणि मोबाइल काढून शूटिंग केलं.

सगुणाबाय पिशव्या घेऊन अंगणात शिरली तेव्हा दगडावरून रक्त ओघळत होतं आणि पिसं तुळशीपर्यंत उडाली होती. फौजदार खुराड्याच्या दाराशी बसला होता, तोंड लाल, पुढच्या दोन पायांत ते मुंडकं. ती जवळ गेली तर तो गुरगुरला. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर गुरगुरला.

मग तिचं तोंड जे सुटलं, ते वाडीनं यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"मुडद्यांनो! राखण दारात देतात? देवाला इथं बोलावलाव, का त्याला पण गाडी पाठवलीव?"

"वयनी, टेन्शन कशाला घेता? कोंबडा तर कोंबडाच हाय ना. कुत्र्याला पण तेवढीच पार्टी."

"पार्टी? माझा कुत्रा बाटवलाव तुमी, भावजी! रक्त लागलं त्याला. गेलं ते कामातनं. आता काय, माझ्या कोंबड्या तुमी राखणार पनवेलास्नं?"

दोस्त हसले. हरेश्वरही हसला. सगुणाबायनं पावाची पिशवी त्या दगडावर आपटली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. ते तिघं जेवून, ढेकर देऊन गेले. येसाजीनं अंगण धुतलं.

दोनच दिवसांनी एक तलंग नाहीशी झाली. पऱ्याच्या अलीकडे पिसं सापडली. वाडी जमली. कायदा सगळ्यांना पाठच होता, तिनंच तो पाठ करून घेतला होता. कुणी म्हणालं, बांधून घाला. कुणी म्हणालं, बांधलेलं कुत्रं काय राखणार? हरेश्वरानं फोनवरून सल्ला दिला, "कुठंतरी लांब सोडून द्या ना, विषय कट." येसाजी बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. ती काहीतरी बोलेल, या आशेनं बघत होता तो.

फौजदार शेपटी पायांत घालून तिच्यासमोर बसला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. तिला दिसत होता तो सासऱ्यांचा सोटा. मारण्यापेक्षा सोडलेलं बरं, एवढंच तिच्या मनात. आणि खरं सांगायचं तर मनात राग होता. माझ्यावर गुरगुरला, हा राग. शेजारचा राहुल पिकअपमधून भाजी घेऊन माणगावला जातो, त्याच्या गाडीत येसाजीनं फौजदाराला चढवलं. वाडीत चेष्टा झाली, फौजदाराची बदली झाली म्हणे. सगुणाबायनं चेष्टा करणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या, पण गाडी काही थांबवली नाही.

त्यानंतर कोंबड्या रोज जायला लागल्या.

आधी दुसरी तलंग गेली. मग खुडूक बसलेली जुनी कोंबडी, अंड्यांसकट. सगुणाबायनं खुराड्याला नवी फळी ठोकली. उपयोग शून्य. एका सकाळी ती चुलीपुढून उठून दारात आली, तर भर उन्हात अंगणाच्या मधोमध मुंगूस. पळायची घाई नाही, भीती नाही. त्यानं एका पिल्लाची मान धरली होती आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तीच परक्याच्या अंगणात आली होती. तिनं हातातली फुंकणी फेकली. मुंगूस पिल्लासह पऱ्याच्या बाजूला गेलं, जिथे पहिल्या तलंगेची पिसं सापडली होती त्याच वाटेनं.

सगुणाबाय फुंकणी उचलायला गेली आणि खुराड्याच्या दाराशी थांबली. तिला ते मुंडकं आठवलं. कुत्र्याला रक्त लागलं होतं, तर त्यानं ते खाल्लं का नाही? ती बाजारातून येईपर्यंत केवढा वेळ गेला होता. मुंडकं अख्खं होतं. तुरासुद्धा जागेवर होता. पुढ्यात टाकलेलं ते उचलून त्यानं खुराड्याच्या दारात आणलं होतं, आपल्या जागी, आणि पायांत धरून बसला होता. जवळ येणाऱ्या प्रत्येकावर गुरगुरत होता.

राखत होता तो. तेवढाच कोंबडा शिल्लक उरला होता, तेवढा राखत होता.

"अवो!" ती ओरडली. येसाजी गोठ्यातून धावत आला. "तुमाला तोंड न्हवतं? मी गप बसले ते दिसलं न्हाय? आयुष्यभर गप बसलाव, त्या दिवशी तरी बोलायचं व्हतं!"

"तू बोलशील म्हून मी..." येसाजी म्हणाला.

तिला आणखी राग आला. तशाच अंगावरच्या लुगड्यानं ती राहुलच्या दारात गेली. कुठं सोडलास, ते सांग. राहुल डोकं खाजवत म्हणाला, "हायवेच्या कडंला चिकनचं दुकान हाय ना काकी, तिथं. म्हटलं, पोटाला तरी मिळंल."

चिकनच्या दुकानापाशी! एस्टीत माणगावपर्यंत ती पुटपुटत होती. हरेश्वराला काय म्हणायचं, त्याच्या दोस्तांच्या बुटांना काय म्हणायचं, नवऱ्याला, राहुलला, वाडीला काय म्हणायचं, सगळं तिनं जुळवून ठेवलं. शेजारी बसलेली बाई घाबरून उठून दुसरीकडे बसली. स्वतःला काय म्हणायचं ते मात्र काही केल्या जुळेना.

रविवार होता. दुकानापुढे गर्दी, बाजूला जाळीचे पिंजरे, त्यांत पांढऱ्या बॉयलर कोंबड्या. मागच्या गटाराशी भटकी कुत्री आतड्यांवर तुटून पडलेली. सगुणाबायनं त्यांच्यात एकेक तोंड पाहिलं. फौजदार त्यांत नव्हता.

तो पिंजऱ्यांपुढे बसला होता. रस्त्याकडे तोंड, कोंबड्यांकडे पाठ. बरगड्या दिसत होत्या. एक कुत्रं पिंजऱ्याच्या जवळ सरकलं, तसा तो उठला आणि त्याला पार रस्त्यापर्यंत पिटाळून परत जागेवर येऊन बसला.

"मावशी, तुमचा हाय काय?" दुकानवाल्यानं सुरी पुसत विचारलं. "अजब जनावर हाय. आतड्यांना तोंड लावत न्हाय. मी चपाती देतो म्हणून जगला. पयल्या दिवशी कोंबडी काढायला पिंजऱ्यात हात घातला, तर माझं मनगट धरलंन. चावला न्हाय हां, नुसतं धरून ठेवलंन. मग खाल्लंन माझ्या हातचा लाकडाचा एक फटका. तेव्हापासून नुसता बघतो."

सगुणाबायनं हाक मारली. मोडलेला कान हलला. तो धावत आला, तिचे पाय हुंगले, शेपटी इतकी हलवली की सगळं अंग वाकडं झालं. ती वळून चालायला लागली. चार पावलांवर मागे पाहिलं, तर तो परत पिंजऱ्यांपुढे जाऊन बसला होता.

"अरे मेल्या!" ती भर बाजारात किंचाळली. "आपल्या न्हाईत त्या! परक्या हाईत!"

लोक बघायला लागले. फौजदार जागचा हलला नाही. हलणार कसा? आपली कोणती आणि परकी कोणती, हे तिनं त्याला कधी शिकवलंच नव्हतं. कोंबडी दिसली की राखायची, एवढंच तिनं शिकवलं होतं. मागे सुरी चालत होती, पिंजऱ्यातून एकेक कोंबडी जात होती आणि हा उरलेल्यांची राखण करत होता.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानवाल्यानं चहा पुढे केला, तो तिनं घेतला नाही. गिऱ्हाईकं येत राहिली. प्रत्येकाकडे ती अशी बघायची की माणूस पिशवी घेऊन घाईनं निघून जायचा. दुपार उलटली. एक पिंजरा रिकामा झाला, मग दुसरा. शेवटची कोंबडी एका पोलिसानं नेली. दुकानवाल्यानं फरशीवर पाणी मारलं.

फौजदार उठला. रिकामा पिंजरा हुंगला, मग दुसरा, मग तिसरा. मग सावकाश चालत तिच्याकडे आला आणि मान खाली घालून उभा राहिला. तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला. लाकूड लागलं होतं तिथे गाठ आली होती.

"चल," ती म्हणाली. "घरी अजून थोड्या उरल्यात."