तांबट आळीतले दोन दत्ता जाधव

परवा सकाळी मी वारलो.

निदान साताऱ्यात तरी तशी बातमी होती. मी सांगलीला लेकीकडे पोहे खात बसलो होतो.

फोन आला. आमच्या बॅचचा एक मित्र. मी हॅलो म्हटलं तर गंभीर आवाजात म्हणाला, घरातल्या कुणाकडे तरी फोन द्या, दत्ता जाधव गेल्याचं कळलं.

म्हटलं, अरे, मीच बोलतोय.

त्यानं आवाज ओळखला. मग म्हणाला, "बरं झालं बाबा. जिवात जीव आला." आणि फोन ठेवला.

मी हसलो. लेकीला सांगितलं, तीही हसली.

आणि मग घास तोंडात तसाच राहिला. दत्ता जाधव गेला होता, आणि तो मी नव्हतो.

म्हणजे मेढा गेला.

कॉलेजच्या या ग्रुपवर जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. साताऱ्यातली आमची तांबट आळी एकेकाळी ठोक्यांच्या आवाजानं जागी व्हायची. पुढे घरोघरी स्टील आलं आणि तांबटांचे हात रिकामे झाले. त्याच सुमारास आळीच्या टोकाला कॉलेज निघालं. मग भट्ट्या विझवून त्या जागी लोखंडी कॉट टाकल्या, आणि जावळीपासून जतपर्यंतची पोरं कॉट बेसिसवर राहायला आली.

त्यातलाच मी एक, कवठे महांकाळचा. घरमालकीण रशीदाचाचीच्या खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर मेढ्याचा एक किडकिडीत पोरगा.

त्याचं नाव दत्ता जाधव. माझंही दत्ता जाधव.

चाची आठवडाभरात वैतागली. "हाक मारली की दोघं बी येतायसा, न्हाईतर कोनच येत न्हाई. आजपास्नं तू मेढा, आन् तू महांकाळ. ज्येला त्येला आपल्या गावानं हाक मारनार मी."

झालं. चाचीचं बघून सगळी आळीच पोरांना गावाच्या नावानं बोलवायला लागली. खरी नावं फक्त हजेरीपुरती राहिली.

मी पास झालो, जिल्हा परिषदेत चिकटलो, लग्न केलं. जाधवसाहेब झालो. मेढा शेवटच्या वर्षाला अडकला तो अडकलाच. लग्नही केलं नाही. चाचीच्याच ओट्यावर त्यानं मशीन टाकलं आणि वर बोर्ड लावला, 'मेढा झेरॉक्स'. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या नोट्स त्यानंच काढून दिल्यात. तो पोरांना शिव्या घालायचा, पण पान तिरकं आलं तर स्वतःच फाडून दुसरं काढायचा.

मग आमच्या कॉलेजची युनिव्हर्सिटी झाली. अभिमान वाटला, का नाही वाटणार. पण ती हायवेपलीकडे गेली. पोरं तिकडं हॉस्टेलला गेली, नोट्स मोबाईलवर गेल्या. चाची वारली, तिची मुलं पुण्याला. कॉट भंगारात गेल्या.

नवीन इमारत बघायला आम्ही दोघं हौसेनं गेलो होतो. गेटवर वॉचमननं पास मागितला. मेढा त्याला म्हणाला, "पास कुठला गड्या, मी नापास हाय." तो पोरगा पोट धरून हसला आणि आम्हाला आत सोडलं. परत येताना मात्र मेढा सारखा मागं वळून बघत होता.

माझी बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसत होतो. मशीन बंदच असायचं. दोघं मिळून रिकाम्या आळीकडे बघत बसायचो. मला तेवढं पुरायचं.

परवा लगेच मेढ्याच्या पुतण्याला फोन लावला. म्हटलं, मी निघालोय, अंत्यविधीला माझ्यासाठी थांब. तो म्हणाला थांबतो. सांगलीहून एसटीत बसलो आणि फोन सुरू झाले. एकामागून एक. आवाज ऐकला की प्रत्येक जण सुटकेचा श्वास टाकायचा. मी सांगायचा प्रयत्न करत होतो, अरे, मेढा गेलाय. पण एसटीच्या खडखडाटात कुणाला ऐकू जातंय. एक म्हणाला, मेढ्याला कशाला जाताय, आराम करा. कराड यायच्या आत बॅटरी संपली.

तोवर बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'बातमी खोटी आहे. दत्ताशी आत्ताच बोललो, ठणठणीत आहे.' त्याखाली अंगठे, फुलं. एकानं लिहिलं, आता तुमचं आयुष्य वाढलं.

ते मी रात्री वाचलं.

थेट माहुलीला, नदीकाठच्या स्मशानात पोचलो तेव्हा घाटावर पुतण्या आणि त्याच्या गावची तीन-चार माणसं. आळीतलं कुणी नाही, कॉलेजचं कुणी नाही. कारण दत्ता जाधव जिवंत असल्याचं सकाळपासून मीच सगळ्यांना सांगत होतो.

मला तुमचा राग नाही. पण गेलं कोण मग, हे एकानंही विचारलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

पुतण्या भला पोरगा. सगळं झाल्यावर मला चहा आणून दिला आणि जरा संकोचून म्हणाला, "आवं काका, तुमी आमच्या नानांचे कोन?"

मित्र म्हणायला गेलो, पण ते अपुरं वाटलं. नात्यातला म्हणावं तर तसं काही नाही.

म्हणालो, "रूम पार्टनर."

त्यानं एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दहावा माहुलीलाच आहे. तुमच्या ओळखीचा मेढा गेलाय, त्याचंच नाव दत्तात्रय जाधव. जमलं तर या.

आणि मेढा, तुला भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही. सगळ्यांनी 'बरं झालं' म्हणून फोन ठेवले गड्या. मला काही बरं वाटलं नाही. फार एकटं वाटतंय.

सावकाश जा.

— महांकाळ