तोंडात टाचण्या

रेडिओमावशीला पोलिसांनी का सोडलं, याची गल्लीत फिरणारी गोष्ट अशी: ठाण्यात पाऊल ठेवल्यापासून मावशीने जी टकळी लावली ती थांबेचना. हवालदाराने कानात कापूस घातला आणि शेवटी इन्स्पेक्टरसाहेबांनीच हात जोडले, "बाई, गुन्ह्याचं मरू दे, तुम्ही आधी घरी जा." कोपऱ्यावरचा सलूनवाला हे साहेबांच्या आवाजात सांगतो आणि गिऱ्हाईक फेसातून हसतं.

गोष्ट साफ खोटी. मावशी ठाण्यात साडेचार तास होती आणि वकील येईपर्यंत मोजून चार वाक्यं बोलली.

मावशी शिवणकाम करते. बायकांचे कपडे, शाळेचे आणि रखवालदारांचे गणवेश. दुकान एवढंसं: दोन मशीन, एक आरसा, एक पडदा. तोंडाला मात्र आवर नाही. बाही कापता कापता ती गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी करते, उत्तराची वाट न बघता स्वतःच्या सासूवर येते, तिथून मशीनच्या तेलावर आणि तेलावरून परत सासूवर. तिला गप्प करतात फक्त टाचण्या. फिटिंगच्या वेळी सात-आठ टाचण्या ओठांत धरल्या की दुकानात पंख्याचा आवाज ऐकू येतो. तिची नक्कल करणारी भाची तिला म्हणालीही होती, "टाचण्यांशिवाय एक तास गप्प बसून दाखव. महिनाभर तुझी बटणं मी लावीन." मावशी म्हणाली, "लाव पैज." आणि लगेच पैजेवरच पाऊण तास बोलली.

या टाचण्यांच्या कृपेने ती कायदा शिकली. एक वकीलबाई तिच्याकडे काळा कोट शिवून घेत होत्या. बाह्या दोनदा उसवल्या, म्हणून फिटिंग तीनदा झालं. समोरचं माणूस मुकं मिळाल्यावर वकीलबाईंना चेव आला. अटक करणाऱ्याने कारण सांगायला हवं, घरी कळवायला हवं. वकील मागता येतो. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. आणि वाचल्याशिवाय सही करणं म्हणजे न मोजता कापड कापणं. मधे तोंड घालता न आल्यामुळे मावशीच्या डोक्यात सगळं जसंच्या तसं राहिलं.

महिन्याभराने, सकाळी दहाच्या सुमाराला, महिला शिपाई तिला दुकानातून ठाण्यात घेऊन गेली. टेबलावर रखवालदाराचा एक शर्ट पडला होता. कॉलरच्या आत मावशीच्या दुकानाची पट्टी.

"अटक की चौकशी?" मावशीने विचारलं.

"अटकच समजा," इन्स्पेक्टर म्हणाले.

"समजू कशाला, सांगा की, आणि कशासाठी तेही सांगा."

त्यांनी सांगितलं. हा शर्ट घालून एक जण गोदामात शिरला आणि शर्ट तिथेच टाकून टेम्पोभर पंखे घेऊन गेला. शर्ट मावशीने शिवला, म्हणजे चोरीत तिचाही हात.

"माझ्या बहिणीला कळवा आणि वकीलबाईंना बोलवा. त्या येईपर्यंत मी बोलणार नाही."

झाली चार वाक्यं.

धीर फार होता असं नाही. तिला स्वतःच्या तोंडाची भीती होती. तो माणूस जुना शर्ट नमुना म्हणून घेऊन आला होता, तेव्हा मावशीच म्हणाली होती, "हुबेहूब तसाच? कुठं डाका घालायचाय का?" तो हसला होता, तीही हसली होती. आता तेच वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. एवढंच बाहेर सांडलं तर कागदावर ती चोराची साथीदार. दुकानाला कुलूप आणि तिलाही. मावशीने नसलेल्या टाचण्या ओठांत घट्ट धरल्या.

इन्स्पेक्टरनी चहा मागवला. "बोला, मन हलकं होईल." मावशी चहा प्यायली. मग कागद पुढे आला. "सही करा, जेवायला घरी." मावशीने चष्मा लावून वाचलं. शेवटची ओळ होती: 'सदर इसमाचा हेतू मला ठाऊक होता.' तिने कागद परत सरकवला.

मग साहेबांनी शर्ट उचलला. "ही बघा कॉलर, डावीकडे उतरलीय. नवशिक्याचं काम."

मावशीच्या घशातून शिट्टीआधी कुकर करतो तसा आवाज आला. महिला शिपायाने दचकून पाहिलं. पण शिट्टी झाली नाही.

दीड वाजता वकीलबाई आल्या, तोच कोट घालून. मावशीने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, डाक्याची थट्टासुद्धा.

"लपवू नका," वकीलबाई म्हणाल्या, "पण तुटकही सांगू नका. आधी काय, नंतर काय, सगळं लागोपाठ सांगा. मी इथेच आहे."

मग मावशी बोलली. इन्स्पेक्टर लिहीत राहिले. नमुना कसा आला, थट्टा कशी झाली, तो काय हसला. दुकानातून मापांची वही आली. "हे बघा साहेब. त्याचा डावा खांदा एक इंच खाली आहे, म्हणून कॉलर तशी कापलीय. त्याला घालून बघा, सरळ दिसेल. नवशिकी म्हणे."

साहेबांनी कागदावर 'खांदा' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली. मावशीने जबाब ओळ न् ओळ वाचला, दोन जागी दुरुस्त करवला, मग सही केली. अडीचला ती बाहेर पडली. तो माणूस दहा दिवसांनी सापडला, खांद्यावरूनच.

घरी आल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. मावशीने आधी बटणांचा डबा काढला आणि भाचीसमोर ठेवला.

"साडेतीन तास. वकीलबाईंना विचार."

"ठाण्यातलं कसं धरायचं?"

"जागा कुठे ठरली होती?"

हे लिहिणाऱ्या भाचीने त्या महिन्यात दोनशे बारा बटणं लावली. मावशी शेजारी बसून, एकही टाचणी तोंडात न धरता, ही सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होती. दर शर्टाला एकदा.