चारशे बारा गोल

गोल हुकला की नऊ नंबर ओरडत नसे. तो टाळ्या वाजवायचा. सावकाश, एकेक, हुकवणारा मान खाली घालून परत येईपर्यंत.

अमेरिकेत ॲन आर्बरच्या हिवाळ्यात आम्ही काही भारतीय विद्यार्थी दर रविवारी बंदिस्त मैदानावर फुटबॉल खेळायचो आणि तो आम्हाला फुकट शिकवायचा. मूळचा ब्राझीलचा, एकेकाळचा स्ट्रायकर, आता माझ्याबरोबर युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये भांडी धुणारा. अंगात कायम नऊ नंबरची विटलेली जर्सी, म्हणून आपसात ते नाव. समोर मात्र ‘कोच’.

मला म्हणायचा, “तू बॉलला ‘मारू का’ विचारतेस. विचारू नकोस, मार.” खरंच होतं ते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इथे दार उघडतानाही मला कुणाला तरी विचारावंसं वाटे. नागपूरच्या परागला तो म्हणाला होता, “तुझ्यापेक्षा गोलचा खांब बरा. त्याला लागून तरी बॉल आत जातो.”

“यार, हा शिकवतोय की सूड उगवतोय?” पराग कुरकुरला. पण रविवार कुणी चुकवत नसे.

सूड असेलही. एकोणिसाव्या वर्षी एजंटने त्याला गावातून उचलून पोर्तुगालला नेलं, तिथून इथल्या एका छोट्या क्लबात. गुडघा सुजला की क्लबचा डॉक्टर इंजेक्शन देई आणि हा खेळे. एक दिवस गुडघा वाकेचना. क्लबने फोनवर कळवलं, उद्यापासून येऊ नकोस. हे सगळं तो ताटं विसळत, हसत सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, “पण चारशे बारा गोल. ते कोण काढून घेणार?”

ते मी काढून घेतले.

जवळच्याच नोव्हाय गावातल्या एका शाळेला कोच हवा होता. “तू शिकलेली आहेस, अर्ज तू लिही,” तो म्हणाला. मी इंटरनेटवर शोधलं. एकतीस गोल सापडले.

“कोच, बाकीचे?” मी चाचरत विचारलं.

“गल्लीतले, सरावातले, मैत्रीच्या सामन्यांतले. आमच्याकडे स्ट्रायकर सगळे मोजतो. समोरचा गोलकीपर काय खोटा होता?”

युनिव्हर्सिटीत पहिल्याच आठवड्यात आम्हाला बजावलं होतं, पुराव्याशिवाय लिहिलंत तर काढून टाकू. ती भीती माझ्या हाडात बसली होती. मी एकतीस लिहिले. बुडालेल्या एका क्लबची कुठे नोंद मिळेना, म्हणून तिथली तीन वर्षंही गाळली. त्याला सांगायचा धीर झाला नाही. त्याने न वाचता सही केली.

मुलाखतीहून तो थेट मेसमध्ये आला. एप्रन बांधत म्हणाला, “त्यांनी विचारलं, ही तीन वर्षं कुठे होतात? मी म्हणालो, खेळत होतो. त्यांनी तुझा कागद दाखवला.”

मी सॉरी म्हणाले.

“कशाला? तू चांगली विद्यार्थिनी आहेस.”

इतकं कठोर तो मला कधीच बोलला नव्हता. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

पुढच्या रविवारी गोलसमोर बॉल माझ्या पायाशी आला. मी विचारलं नाही, मारला. आयुष्यातला पहिला गोल. पराग नाचत आला. नऊ नंबरने टाळ्या वाजवल्या. त्याच, सावकाश.

“छान,” तो म्हणाला. “याची नोंद कुठे आहे?”

त्याच महिन्यात तो भावाकडे फ्लोरिडाला निघून गेला. निरोपाला आम्हाला कुणालाच बोलावलं नाही.

माझे गोल पराग मोजतो. परवा म्हणाला, “सात झाले यार तुझे.”

“सहा,” मी म्हणाले. पहिला मी धरत नाही.