नवरा पुढे, लिस्बन मागे

लिस्बनला का गेलो याचं घरात सांगितलेलं कारण वेगळं आणि खरं वेगळं. सांगितलेलं असं, की दुबईहून थेट विमान आहे आणि शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर मिळाली. खरं कारण माझा कॅमेरा. बारा वर्षं आम्ही दुबईत अल कुसैसला राहतोय आणि इथे अनोळखी माणसाचा फोटो त्याला न विचारता काढणं गुन्हा आहे. नियम चांगलाच आहे, माझा कोणी काढला तर मीही भांडेन. पण त्यापायी माझ्याकडे नुसत्या इमारती, रिकामे बाक आणि मांजरं साठली आहेत. पुण्याची बहीण विचारते, "तुमच्याकडे माणसं राहतात ना गं?" मला एक चेहरा हवा होता. अनोळखी, मनापासून हसणारा, पोज न दिलेला. एकच, पण हवाच होता.

विमानतळावरून मेट्रोने सरळ गावात येता येतं, टॅक्सीची गरज नाही. बूट मात्र जुने आणि पकड असलेले घाला. शहर म्हणजे नुसते चढउतार आणि फरसबंदी तर तुळतुळीत. पहिल्याच चौकात एक आजोबा पेपर वाचताना स्वतःशीच हसत होते. मी कॅमेरा उचलला आणि हात आपोआप खाली आला. सवय, दुसरं काय! आमची तेरा वर्षांची रिया कुजबुजली, "आई, प्लीज. सो एम्बॅरसिंग!" त्या दिवशी मी फक्त ट्राम टिपल्या आणि चरफडत झोपले.

दुसऱ्या सकाळी एका बेकरीत तिथली प्रसिद्ध कस्टर्डची पेस्ट्री घेतली. माझा नवरा नितीन हिशेबात पडला, "एक युरो चाळीस, म्हणजे सहा दिरहम, म्हणजे एकशे चाळीस रुपये! एका घासाला!" असं म्हणत त्याने तीन खाल्ल्या. मग तृप्त होऊन दाराशी पोट आत घेऊन उभा राहिला. "यल्ला, चल, माझा एक फोटो घे."

त्याच्या मागे दोन बायका गप्पा मारत होत्या, आणि मला युक्ती सुचली.

"जरा डावीकडे. अजून. अजून थोडा. बस्स!" नितीन चौकटीबाहेर गेला, आत उरला त्याचा एक कान आणि त्या दोघींचे लख्ख चेहरे. बायको नवऱ्याचा फोटो काढतेय, याहून निरुपद्रवी दृश्य जगात नाही. कोणी ढुंकून बघत नाही.

मग काय विचारता! दोन दिवस मी नवऱ्याला चौकाचौकात उभं केलं. (लहान मुलांचे फोटो काढले नाहीत, आणि कोणी हाताने नको म्हटलं की कॅमेरा खाली. एवढं पथ्य तुम्हीही पाळा.) नितीन खूश होता. "अगं, लग्नातसुद्धा माझे एवढे फोटो निघाले नव्हते." चोराच्या मनात चांदणं, तो "दाखव" म्हणाला की मी "बॅटरी उतरेल" म्हणायचे.

चौथ्या दिवशी अल्फामा या जुन्या वस्तीत गेलो. ट्रामला तोबा गर्दी असते, सकाळी लवकर चालतच चढा. तिथे हिरव्या पाल्याचं गरम सूप मिळतं, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात सॉसेजचे तुकडे घालतात. सूप पिऊन एका बोळात वळलो, तर वाळत घातलेल्या चादरींच्या वर, खिडकीत एक आजीबाई. चेहरा असा, जणू सगळ्या गल्लीने त्यांना फसवलंय.

"नितीन, त्या चादरीखाली उभा राहा!"

मी खिडकीवर नजर लावून थांबले. आजीबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. मग ओठ थरथरले, आणि एकदम त्या दात नसलेलं तोंड उघडून खदाखदा हसल्या. मी बटण दाबलं.

"मिळाला!" मी ओरडलेच.

"काय मिळालं?"

"तुझा फोटो."

"इन्शाल्ला, एखादा तरी बरा येईल," नितीन म्हणाला.

परत आल्यावर शनिवारी रियाने फोटो टीव्हीवर लावले. नितीन चहाचे कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. आता कुठे पळणार? कान आला, कोपर आलं, पुन्हा कान.

"व्हेअर इज बाबा?" रियाने विचारलं. मी लेन्सबद्दल काहीतरी थाप मारायला लागले, तेवढ्यात तीच म्हणाली, "वेट. दे आर ऑल लुकिंग ॲट हिम."

खरंच. प्रत्येक फोटोत प्रत्येक नजर त्या कानाकडे. रिया हसत सुटली. "आई, ही वॉज डूइंग द चिकन डान्स! एव्हरी टाइम! यू नेव्हर सॉ?"

मी कशी बघणार? तो चौकटीबाहेर होता.

"बेकरीतच कळलं मला," नितीन म्हणाला. "माझ्या फोटोसाठी तू एवढी मेहनत कधी घेतलीस?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. तुझी ती आजी मात्र कठीण होती हं. पंख हलवून चालेना, शेवटी अंडं घालून दाखवलं."

मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. ज्या चेहऱ्यासाठी समुद्रापार गेले, तो यानेच मिळवून दिला होता, आणि याचा मात्र माझ्याकडे धड एक फोटो नव्हता. मी कॅमेरा आणला. "खिडकीपाशी उभा राहा."

त्याने कप ठेवले, पोट आत घेतलं. "मागे कोण आहे?"

"कोणी नाही."

तो गोंधळला. हात खिशात घातले, काढले. "मग मी आता काय करू?"

हे विचारताना त्याचा जो चेहरा झाला, तो मी टिपला. आजीबाईंची फ्रेम हॉलमध्ये लागेल. हा फोटो मी कोणालाच दाखवणार नाही.